मनगटावरचा कोरडा चट्टा आणि गेलेली झोप. कुणाला असं झालंय का? (नागपूर)

नंदनवनची_डबेवाली | ९ डिसेंबर, रात्री १:१०

नमस्कार मंडळी. इथे चार वर्षांपासून वाचते आहे, लिहिते आज पहिल्यांदा. वय ३६. नंदनवनात राहते, घरून डबे देते, सकाळी २२ आणि संध्याकाळी १८. म्हणजे दिवसाचे पाच-सहा तास माझे हात पाण्यात, कणकेत नाहीतर भांड्यांच्या साबणात असतात.

दिवाळी झाली, थंडी पडायला लागली आणि बोटांची पेरं उलायला लागली. ते दरवर्षीचंच आहे. पण या वेळी डाव्या मनगटाच्या जरा वर एक चट्टा आलाय. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा, कडेला लालसर, मधे फिकट, वरून कोंड्यासारखी साल निघते. खाजतो, पण सहन होत नाही असा नाही.

दुखणं एवढंच आहे. बाकीचं मी त्यावर चढवून ठेवलंय. रात्री सगळे झोपले की बाथरूममध्ये जाते, दार लावते, मोबाइलचा टॉर्च लावून चट्टा पाहते. फोटो काढते, कालच्या फोटोशी ताडून पाहते. आज मोजले तर २१७ फोटो निघाले, सगळे एकाच मनगटाचे. त्यात कुठेतरी वाचलं की चट्टा बधिर असला तर कुष्ठरोग असू शकतो. तेव्हापासून साडीची पिन टोचून पाहते. टोचलेलं कळतं, हायसं वाटतं, अंथरुणात येऊन पडते. दहा मिनिटं झाली की वाटतं, मघाशी कळलं ते चट्ट्यावर कळलं की चट्ट्याच्या बाजूला? पुन्हा उठते. आता चट्ट्याभोवती लाल ठिपके झालेत, आणि आज संध्याकाळपासून मी त्या ठिपक्यांनाच भिऊन राहिले आहे.

तीन डॉक्टर झाले. पहिले म्हणाले थंडी आहे. दुसऱ्यांनी मलम लिहून दिलं. तिसऱ्यांनी लांबूनच पाहिलं आणि "किरकोळ आहे" म्हणाले. हा शब्द मला ऐकवत नाही. माझ्या बाबांना गालाच्या आतून एक जखम झाली होती. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खायचे. एका दवाखान्यात आठ महिने आम्हाला "तोंड आलंय, किरकोळ आहे" हेच सांगितलं. पुढे जे निघालं त्यानंतर बाबा १४ महिने होते. त्यांचा पातळ भाताचा डबा घेऊन रोज मीच जायची.

मला चट्ट्याबद्दल विचारायचंय की भीतीबद्दल, तेही कळत नाहीये. पण कुणाला तरी सांगायचं होतं.

---

महालची_मावशी | ९ डिसेंबर, सकाळी ६:२५

अगं माय, आधी ती पिन घरातून बाहेर कर. साडीला दुसरं काही लाव.

बाबांचं वाचून पोटात कालवलं. आपल्या नागपुरात खर्ऱ्यानं किती घरं बसवली. तुझ्या जागी मी असते तर मलाही झोप आली नसती, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

हाताचं म्हणशील तर आमची सासू हिवाळाभर रात्री निजताना हातापायाला खोबरेल तेल जिरवायची आणि वर जुने सुती मोजे घालायची. ८१ वर्षांची झाली, पण टाचेला भेग नव्हती. आणि बाई, गिझरचं कढत पाणी बंद कर. थंडीत बरं वाटते, पण अंगाचं तेल तेच घेऊन जाते.

---

गोरेवाडा | ९ डिसेंबर, सकाळी ८:०२

हवामानाचं तेवढं सांगतो. आपल्याकडे समुद्र कुठेच जवळ नाही, उत्तरेचा वारा सुरू झाला की हवेतला ओलावा पार उतरतो. २०१८ मध्ये २९ डिसेंबरला नागपूर ३.५ अंशांवर गेलं होतं, त्या आठवड्यात आमच्या घरी चौघांचेही ओठ फुटून रक्त आलं होतं. मुंबई-पुण्याच्या लोकांनी सांगितलेलं पातळ लोशन इथे पुरत नाही. घट्ट काहीतरी लागतं.

---

काउंटरवाला | ९ डिसेंबर, दुपारी ३:४०

ताई, माझं इतवारीत औषधाचं दुकान आहे, १७ वर्षं झाली. तुमच्या पोस्टमधलं "मलम लिहून दिलं" एवढ्यावरच माझी नजर अडली. नाव इथे टाकू नका, पण ट्यूबवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय काय लिहिलंय ते वाचा. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखं स्टेरॉइड, सोबत एखादं अँटिफंगल म्हणजे बुरशीवरचं औषध, सोबत एखादं अँटिबायोटिक, असं तीन-चार औषधांचं मिश्रण असेल तर ते आपल्या मनानं पुढे चालू ठेवू नका.

यातलं स्टेरॉइड खाज दोन दिवसांत बसवतं, म्हणून गिऱ्हाईक खूश होतं आणि चिठ्ठी नसताना परत मागायला येतं. नायटा असेल तर वरून दबतो आणि आतून पसरतो, मग त्वचेच्या डॉक्टरलासुद्धा तो पटकन ओळखू येत नाही. शिवाय कातडी पातळ होते. २०१८ मध्ये सरकारनं अशी १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. तरी लोक रिकामी ट्यूब आणून "हेच द्या" म्हणतात आणि सगळीकडे नाही म्हटलं जातंच असं नाही. हे मी माझ्याच धंद्याबद्दल सांगतोय, मला त्याचा त्रास होतो.

कोरडेपणासाठी साधी पांढरी पेट्रोलियम जेली घ्या. वासाची नको, रंगाची नको.

---

दुसऱ्या_वर्षाची_रेसिडेंट | १० डिसेंबर, रात्री ११:५५

ओपीडी संपवून आत्ता वाचलं. त्वचारोगात पीजी करते आहे. तुमचा हात मी पाहिलेला नाही, त्यामुळे निदान करणार नाही. फोटोही इथे टाकू नका, तो २१८वा होईल.

आधी कुष्ठरोगाचं, कारण तुमची झोप त्यानंच नेली आहे. त्याचा चट्टा बहुतेक वेळा फिकट किंवा लालसर असतो, सहसा खाजत नाही, आणि तिथला स्पर्श, ऊन-थंड समजणं कमी होतं. केस विरळ होतात, घाम येत नाही. तपासताना आम्ही रुग्णाला डोळे मिटायला सांगतो, कापसाचा पीळ हलकेच टेकवतो आणि कुठे लागलं ते बोटानं दाखवायला सांगतो. नसा जाड झाल्यात का ते हातानं चाचपतो. हे एकदा होतं आणि डॉक्टर करतात. स्वतःच्या हाताला स्वतः टोचून खात्री होत नाही, कारण टोचणाऱ्याला आधीच माहीत असतं कुठे टोचलंय ते. तुमचा चट्टा खाजतो आणि प्रत्येक वेळी टोचलेलं कळतं. या दोन्ही गोष्टी कुष्ठरोगाच्या बाजूच्या नाहीत.

आणि एक बोलावंसं वाटतं. आपल्या विदर्भात या आजाराची भीती जुनी आहे. बाबा आमट्यांनी वरोऱ्याला १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती सुरू केली, तेव्हा आजच्यासारखी एकत्र औषधं नव्हती. ती, म्हणजे एमडीटी, १९८०च्या दशकात आली. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिने घ्यायची, आणि सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत दुसऱ्याला लागण होण्याचा धोका उरत नाही. माझ्या ओपीडीत येणारे लोक बरे होऊन कामावर जातात. तरी त्यांना शेजाऱ्यापासून लपवावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता कोरडेपणा. तुम्ही डबे करता म्हणून तुमच्याच ओट्यावरचं सांगते. कणकेचा गोळा उघडा राहिला की वरून सुकतो, पापुद्रा धरतो, चिरा पडतात. म्हणून आपण वरून तेलाचा हात फिरवतो आणि झाकून ठेवतो. हाताच्या त्वचेवर असा तेलाचा हात शरीर स्वतःच फिरवत असतं. भांड्यांचा साबण ते तेल काढून नेतो. अंगाच्या साबणाच्या वडीचा पीएचही ९-१० असतो, त्वचेचा ५च्या आसपास. दिवसातून पंचवीस वेळा धुतलं तर त्वचेला सावरायला वेळच मिळत नाही. वरून पाणी लावून ती ओली होत नाही, उलट ते पाणी उडताना आतलंही घेऊन जातं.

म्हणून हात कोमट पाण्यानं धुवा, टिपून घ्या, चोळू नका, आणि तीन मिनिटांच्या आत, कातडी किंचित ओलसर असतानाच जेली लावा. दिवसातून एकदा भरपूर लावण्यापेक्षा प्रत्येक धुण्यानंतर थोडी लावलेली चांगली. भेगांवर लिंबू, हळद, टूथपेस्ट काही नको.

एक प्रश्न: भांडी घासताना हातात काय घालता?

---

बुटीबोरी_शिफ्ट | ११ डिसेंबर, सकाळी ५:३०

मी पण हेच विचारणार होतो. कारखान्यात आम्हाला रबराचे हातमोजे मिळायचे. दोन महिन्यांत माझ्या मनगटाला, जिथे मोज्याची कड घट्ट बसते, तिथं सरळ पट्ट्यात लाल झालं होतं. ताई, तुमचा चट्टा मोज्याच्या कडेखाली येते का पाहा. पिवळे रबरी मोजे असतील तर जास्तच.

---

नंदनवनची_डबेवाली | ११ डिसेंबर, दुपारी २:१५

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि मोरीवरचे मोजे हातात चढवून पाहिले. पिवळेच आहेत. दिवाळीनंतर बोटं उलतात म्हणून मीच आणले होते. चट्टा बरोबर कडेखाली आहे. मोज्याची कड उलटी दुमडलेली आहे, तिच्यात पाणी आणि साबण साचून राहतो, आणि घड्याळ डाव्या हातात घालते म्हणून डावी कड मी जास्त वर ओढते. खुर्चीत बसून पाच मिनिटं नुसती पाहत राहिले.

मलमाची ट्यूबही वाचली. काउंटरवाला दादांनी लिहिलं तसंच चार नावांचं मिश्रण आहे. आठ दिवस लावलं होतं, आता बंद केलं.

---

दुसऱ्या_वर्षाची_रेसिडेंट | ११ डिसेंबर, रात्री १०:२०

रबर मजबूत व्हावं आणि ताणता यावं म्हणून त्यात काही रसायनं घालतात, त्यांची काही जणांना अ‍ॅलर्जी येते. आणि अ‍ॅलर्जी नसली तरी कडेत साठलेला साबण तेवढंच काम करतो. विनाइलचे मोजे आणा, आतून पातळ सुती मोजे घाला, सुती ओले झाले की बदला. सलग वीस मिनिटांच्या वर घालू नका. तरीही मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) किंवा तुमच्या जवळच्या त्वचारोग ओपीडीत एकदा दाखवा आणि हातमोजे सोबत न्या. मलम लावून झालंय हे पहिल्या वाक्यात सांगा.

---

नंदनवनची_डबेवाली | २४ डिसेंबर, रात्री १२:४०

ओपीडीत जाऊन आले. त्या डॉक्टर बाईंनी कापूस लावून पाहिलं, मोजे उलटे करून पाहिले, संपर्कामुळे आलेली त्वचेची जळजळ आहे म्हणाल्या. दहा दिवस एक सौम्य मलम, मग फक्त जेली. आज चट्ट्याची जागा फक्त जराशी काळपट दिसते, साल नाही, खाज नाही. बोटांच्या पेरांवर अजून दोन चिरा आहेत.

यानंतर जे झालं ते लिहायला मला तीन दिवस लागले. चट्टा गेला आणि भीती राहिली. रविवारी नखं कापताना उजव्या तळपायावर एक तीळ दिसला. तो लहानपणापासून आहे, आईलाही माहीत आहे. तरी त्या रात्रीपासून मी पुन्हा बाथरूममध्ये आहे. ४३ फोटो झालेत. ह्यांना रात्री उठवून विचारते, "पाहा नं, वाढला का?" ते बिचारे म्हणतात नाही. मला दोन मिनिटं बरं वाटतं.

मला वाटायचं कारण सापडलं की संपेल.

---

फुटाळ्याकाठी | २४ डिसेंबर, सकाळी ७:१५

ताई, तुमच्या "दोन मिनिटं बरं वाटतं" या ओळीसाठी मी लिहितो आहे. माझं वय ४१. चार वर्षांपूर्वी मानेला एक गाठ लागली, हरभऱ्याएवढी. सर्दीनंतर सुजलेली साधी गाठ होती. सोनोग्राफी झाली, रक्त झालं, सगळं स्वच्छ. पण मी ती दिवसाला कदाचित शंभर वेळा चाचपायचो. ऑफिसात फाइल एका हातात, दुसरा हात मानेवर. इतकं दाबलं की ती जागा खरंच दुखायला लागली, आणि दुखते म्हणजे काहीतरी आहे असं मी धरलं. तीन महिन्यांनी मान सुटली आणि काख आली, मग पोट. दोन वर्षांत तपासण्यांवर काय खर्च झाला ते मी बायकोला पूर्ण सांगितलेलं नाही.

शेवटी एका डॉक्टरांनी मला खाली बसवून सांगितलं की तुम्हाला आजार आहे, पण तो गाठीचा नाही. त्याला इलनेस अँग्झायटी म्हणतात, म्हणजे आपल्याला मोठा आजार आहे अशी सतत भीती. मला त्या दिवशी राग आला होता, कारण मला वाटलं हे मला खोटं म्हणताहेत. तसं नव्हतं. भीतीनं छाती धडधडते, झोप जाते, अंगाला खाज सुटते, हे सगळं खरंच होतं.

समुपदेशक बाईंनी मला जे समजावलं ते तुम्हाला लवकर कळेल, कारण तुम्ही खाज भोगली आहे. खाजवलं की बरं वाटतं आणि म्हणूनच खाज वाढते. तपासणंही तसंच. प्रत्येक वेळी पाहून हायसं वाटलं की मन शिकतं, पाहिलं म्हणून वाचलो. मग पुढच्या वेळी न पाहता राहवत नाही. म्हणून त्यांनी मला "काही होणार नाही" असं एकदाही म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, मान चाचपावीशी वाटली की घड्याळ पाहा, वहीत वेळ लिहा आणि १५ मिनिटं थांबा. नंतर वाटलंच तर चाचपा. पहिल्या दिवशी मी वहीत ३१ वेळा वेळ लिहिली. ती १५ मिनिटं किती वाईट जातात ते सांगता येत नाही, फुटाळा तलावाला तीन चकरा मारायचो. पण दुसऱ्या आठवड्यात असं व्हायला लागलं की १५ मिनिटांनी आठवणच राहायची नाही.

दुसरं काम बायकोचं होतं आणि ते जास्त अवघड होतं. मी विचारलं, "गाठ मोठी वाटते का?" तर तिनं हो किंवा नाही म्हणायचं नाही. "तुला भीती वाटून राहिली आहे, मी इथे आहे," एवढंच म्हणायचं. पहिल्यांदा तिनं असं केलं तेव्हा मी चिडून ताट सरकवलं होतं. आज तिचे उपकार मानतो. तुमच्या ह्यांना ही पोस्ट वाचायला द्या.

मेडिकलला मानसोपचार ओपीडी आहे. जाणं जड वाटत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. मी सुरुवात तिथूनच केली होती, गाडीत बसून, काचा वर करून.

---

दुसऱ्या_वर्षाची_रेसिडेंट | २४ डिसेंबर, रात्री ११:३०

फुटाळ्याकाठी यांनी लिहिलंय त्यात माझ्याकडून एकच भर. जिला "पाहू नको" सांगितलं तिला नेमकं कधी पाहायचं तेही सांगायला हवं, नाहीतर वडिलांसारखं होईल ही भीती जाणार नाही. तर हे कागदावर लिहून घ्या. भराभर पसरणारी लाली, सोबत ताप, पू. बधिर चट्टा. घरातल्या दोघा-तिघांना एकदमच रात्री सुटणारी खाज, विशेषतः बोटांच्या बेचक्यात, म्हणजे खरूज असू शकते. पुरळ काहीच नाही आणि सगळं अंग आठवडेच्या आठवडे खाजतं, तर रक्त तपासायचं, कारण ते साखर, थायरॉइड, यकृत, मूत्रपिंडामुळेही होतं. तिळाचा आकार, रंग, कड काही महिन्यांत बदलली किंवा त्यातून रक्त आलं तर दाखवायचं. तळपायाचा तीळ महिन्यातून एकदा, दिवसाच्या उजेडात पाहा, रोज पाहिल्यानं बदल उलट कळत नाही.

आणि तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर दाखवायचीच, खर्रा खाणाऱ्यांनी तर त्याच्याही आधी. तुमच्या बाबांच्या बाबतीत तुम्हाला जे वाटत होतं ते बरोबर होतं, ताई. ते किरकोळ नव्हतं आणि कुणीतरी ते वेळेवर ओळखायला हवं होतं. तुमच्या मनगटाच्या बाबतीत ते किरकोळ होतं. दोन्ही खरं आहे.

---

महालची_मावशी | २५ डिसेंबर, सकाळी ६:४०

शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. नंदनवन, तू बाबांसाठी तेव्हा जे करायचं ते सगळं केलं. डबा घेऊन रोज जाणारी पोरगी होती त्यांना.

---

नंदनवनची_डबेवाली | १४ जानेवारी, रात्री १०:०५

संक्रांतीच्या शुभेच्छा. आज डब्यात सगळ्यांना एकेक तिळाचा लाडू दिला, म्हणून सकाळी चारला उठले होते.

त्या दिवशी रेसिडेंट ताईंचं आणि मावशींचं वाचून ओट्याशी उभी राहून रडले. बाबा गेल्यावर सगळे म्हणाले देवाची मर्जी. चूक झाली होती, असं कुणीच म्हटलं नव्हतं. ते ऐकल्यावर छातीतलं काहीतरी खाली बसलं.

१४४१६ वर फोन केला, मग मेडिकलला गेले, दोन वेळा जाऊन झालं. वही केली आहे. पहिल्या दिवशी १९ वेळा, काल ३ वेळा. मधे एक आठवडा वाईट गेला, २२ वर गेलं होतं, आत्येभावाला दवाखान्यात ठेवलं तेव्हा. ह्यांनी रेसिडेंट ताईंचा कागद फळ्यावर लिहितात तसा मोठ्या अक्षरात लिहून मसाल्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. कपाट उघडलं की नजर जाते, त्यातलं एकही नाही, कपाट बंद. फोटो मी स्वतः काढून टाकू शकले नाही, मुलीला सांगितलं, तिनं डिलीट केले.

आणि आज पाक करताना गुळाचा एक थेंब डाव्या मनगटावर उडाला, अगदी जुन्या जागेच्या बाजूला. नळाखाली धरला बराच वेळ, फोड आलाय छोटासा. मग लाडू वळायचे होते, पाक आळत होता. आत्ता लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की सकाळपासून मी तिकडे पाहिलेलं नाही. वहीत काय लिहायचं कळेना, म्हणून "गूळ उडाला" एवढंच लिहिलं.

विनाइलचे मोजे संपत आलेत. काउंटरवाला दादा, इतवारीत शंभरचा डबा कुठे बरा मिळतो?

---

काउंटरवाला | १५ जानेवारी, सकाळी ९:३०

माझ्याकडेच आहेत ताई. मापाचं सांगा, मीडियम लागेल की स्मॉल? आणि फोड फोडू नका, आपोआप बसेल.